सुईआजोबा चहाला येणार आहेत

— नाही हो, वर्गणी नाही मागत मी. पाकीट ठेवा आत. सहलीची तिकिटंही नाहीत माझ्याकडे. मला फक्त तुम्ही हवे आहात. म्हणजे — तसं नाही. थोडा वेळ हवे आहात. रस्ता ओलांडायचा, त्या समोरच्या दुकानात जायचं, खुर्चीत बसायचं, चहा प्यायचा आणि परत या बाकावर येऊन बसायचं, बस. तुमच्याबरोबरच्या काकू वर दातांच्या डॉक्टरांकडे गेल्यात ना? मी पाहिलं, गालाला रुमाल धरून जिना चढत होत्या. त्या डॉक्टरांकडून कोणी लवकर सुटत नाही. ते आधी स्वतःच्या मुलाचं कौतुक सांगतात आणि मग दात बघतात, आणि आपलं तोंड उघडं असतं म्हणून आपल्याला पुरे पण म्हणता येत नाही. म्हणजे तुम्हाला वेळच वेळ आहे. आणि तुमच्या मिशा — रागावू नका, पण तुमच्या मिशा अगदी हव्या तशा आहेत. मघापासून मी इथे बसणारी माणसं बघतेय. एक आले ते फोनवर ओरडत होते. एक आले त्यांना मिशीच नव्हती. मग तुम्ही आलात, हळूच टेकलात, चष्मा पुसलात आणि कोणाशी एक शब्द बोलला नाहीत. मी म्हटलं, हेच.

सांगते ना, कशासाठी ते. ते दुकान बघा — बाहेर बल्बांची खोकी रचलीयत, ते. पुढचा भाग बाबांचा. पण बाबा लोकांच्या घरी पंखे नाहीतर दिवे दुरुस्त करत असतात, दुकानात सापडले तर नशीब. मागची खोली आत्याची, म्हणजे बाबांच्या मोठ्या बहिणीची. ती लॅम्पशेड करते. दिव्यावर कापडाची टोपी असते ना, तारेच्या सांगाड्यावर ताणून शिवलेली — ती. तर आज आत्याकडे एक पाहुणे चहाला यायचे आहेत. त्यांना सुईआजोबा म्हणतात. आत्या सकाळपासून झाडतेय, पुसतेय, जे काल झाडलं तेच परत झाडतेय. आणि सुईआजोबा काही येणार नाहीत, कारण सुईआजोबा नाहीतच. म्हणजे आहेत — पण ते मी आहे.

हसू नका. हसलात की मिशा हलतात, आणि दुकानातून हा बाक सरळ दिसतो.

मी एरवी इतकी बोलत नाही, कोणालाही विचारा. बाईंनी माझ्या प्रगतिपुस्तकात 'शांत' असं लिहिलंय, आणि ते कौतुक आहे की तक्रार यावर घरात अजून एकमत नाही. अनोळखी माणसाशी मला बोलता येतं, ओळख झाली की नाही. म्हणून तुम्ही तुमचं नाव सांगू नका, कुठे राहता तेही नको. मी तुम्हाला काका म्हणते. आजोबा आत गेल्यावर म्हणेन.

तर मुळापासून. आत्याच्या खोलीत एक मोठं टेबल आहे, कापड बेतायचं. त्या टेबलाशी मी बसायचं, दोरे गुंडाळायचे, टाचण्या डबीत भरायच्या, चिंध्या गोळा करायच्या — पण कात्रीला हात लावायचा नाही. का? तर मी कापड कापत नाही, चावते. हे आत्याचं वाक्य आहे, आणि खोटं नाही ते. तिची कात्री माझ्या हातात आली की पाती एकमेकांशी भांडल्यासारखी लांब राहतात, कापड मध्येच दुमडतं, आणि कड बघावी तर उंदराने कुरतडल्यासारखी. मी डावरी आहे ना. लिहिणं, सुई, चमचा, सगळं डाव्या हाताने. आत्या म्हणते शिवण तुझी बरी आहे, पण कापणं हातात असावं लागतं, ते तुझ्या हातात नाही. नाही तर नाही. मग मी चिंध्यांचीच एक शेड केली. बाबांनी कोणाकडून तरी एक गंजका सांगाडा आणला होता टाकून द्यायला, तो घासला. त्याच्या तारांना पांढरी पट्टी गुंडाळली — हो, आधी सगळी तार पट्टीने गुंडाळून घ्यावी लागते, नाहीतर कापड शिवणार कशाला, तारेत काही सुई जात नाही — आणि मग चिंध्या जोडून त्यावर ताणल्या, जशा होत्या तशा. आणि तेव्हा मला एक गंमत कळली. ज्या चिंध्या तिरक्या कापलेल्या होत्या त्या सांगाड्यावर कशा गप्प बसल्या, आणि ज्या सरळ होत्या त्यांना चुण्याच चुण्या. आत्याच्या सगळ्या शेडना चुण्या पडतात. लोक हातात घेतात, फिरवून बघतात, आणि 'नंतर येतो' म्हणतात. नंतर कोणी येत नाही. म्हणून मी धीर करून म्हटलं, आत्या, आपण उरेब कापून बघायचं का — उरेब म्हणजे तिरकं, शिंपी म्हणतात तसं. तर म्हणाली, उरेब कापलं की अर्धं कापड वाया जातं, कापड काय झाडाला लागतं? जा, अभ्यास कर.

मी गेले. पण अभ्यास नाही केला. फोनवर शोधत बसले की चुण्या कोणाकोणाला पडतात, आणि मला तो गट सापडला. 'हातचे दिवे' असं नाव आहे. सगळे लॅम्पशेड करणारे — कोणी कागदाच्या करतं, कोणी वेताच्या, एक बाई फक्त जुन्या शर्टांच्या करतात आणि खिसा तसाच ठेवतात. तिथे कोणी खऱ्या नावाने नसतं. आणि तिथला एकच नियम आहे, पण तो कडक आहे — आतली बाजू आधी. नवीन माणसाने पहिला फोटो टाकायचा तो आपल्या शेडच्या आतला. दिवा न लावता. बाहेरून काय, कोणीही छान दिसतं, लेस लावली की झालं. आत बघितलं की कळतं गाठी कुठे मारल्यात, गोंद किती सांडलाय, पट्टी कशी गुंडाळलीय. मला तो नियम इतका आवडला. वाटलं, माणसांनाही असा लावला तर माझा नंबर बरा लागेल, बाहेरून माझं काही खास नाही. मी माझ्या चिंध्यांच्या शेडचा आतला फोटो टाकला. टोपणनाव काय घ्यावं सुचेना, समोर पिनकुशन होती, मी 'जुनी सुई' असं लिहिलं. आणि काका, लोकांनी कौतुक केलं. शर्टवाल्या बाईंनी लिहिलं, हा नवशिक्याचा हात नाही. मग कोणीतरी विचारलं, आजोबा की आजी?

आता तुम्ही सांगा मी काय लिहायला हवं होतं. खरं? खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं ते मी पाहिलं होतं. माझ्याच वयाच्या एका मुलीने तिथे खरं वय सांगितलं, तर सगळे म्हणाले, वा बाळ, छान हं, अभ्यासही कर. तिच्या गाठींबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. म्हणून मी लिहिलं, आजोबा. झालं. त्या दिवसापासून मी सुईआजोबा. आणि काय सांगू, आजोबा असणं किती सोपं आहे. दोन शब्द लिहायचे आणि गप्प बसायचं. 'पट्टी सैल.' 'गाठ आत घ्या.' लोक म्हणतात, मोजकं बोलतात पण नेमकं बोलतात. मी शाळेत मोजकं बोलते तर बाई पालकांना बोलावतात.

इथवर ठीक होतं. पण मग काय व्हावं? आत्याला एका गिऱ्हाइकाने त्याच गटाबद्दल सांगितलं. ती फोन घेऊन माझ्याकडे आली, म्हणाली, मला पण घाल गं त्यात. मी घातलं. नको कसं म्हणणार? तिने टोपणनाव घेतलं 'मोठी कात्री'. मी म्हटलं, आत्या, आधी आतला फोटो टाकावा लागतो. तिने टाकला. आता आत्याची आतली बाजू म्हणजे — तुम्हाला म्हणून सांगते, दोरे लोंबताहेत, गोंदाचे गोळे, एका जागी टाचणी राहिलेली. गटावरची माणसं सभ्य आहेत, ती काहीच बोलली नाहीत. कोणीच नाही. आत्या जेवताना फोन बघायची, गिऱ्हाईक समोर असताना बघायची, आणि मग उलटा ठेवायची. मला म्हणाली, बिघडलाय का गं हा? मी म्हटलं, असेल. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मी वर गेले, पाण्याच्या टाकीशी बसले, आणि सुईआजोबांनी लिहिलं, 'ताण उत्तम. असा ताण सगळ्यांना जमत नाही. फक्त कापड उरेब कापा, चुण्या जातील.' खाली आले तर आत्या मलाच वाचून दाखवतेय. दोनदा. म्हणाली, बघ, याला म्हणतात अनुभव. आणि दुसऱ्या दिवशी तिने ते जपून ठेवलेलं निळं कापड काढलं आणि तिरकं कापलं. झाडाला लागल्यासारखं.

काय म्हणालात? राग आला का? आला ना. हेच मी सांगितलं तेव्हा अभ्यास कर, आणि न पाहिलेल्या म्हाताऱ्याने सांगितलं की वेद. पण शेड इतकी सुंदर झाली काका, एक चुणी नाही, आणि ती त्याच आठवड्यात विकली गेली, आणि आत्या गुणगुणायला लागली. आत्या कधी गुणगुणत नाही. बाबा म्हणाले, नळ गळतोय का कुठे? मग मी राग गिळला.

पुढचं ऐका, पुढे तर मजाच झाली. आत्याला फोनवर टाइप करायचा कंटाळा. तिची बोटं जाड आणि अक्षरं बारीक, म्हणून ती सांगणार आणि मी लिहिणार. म्हणजे प्रश्न मीच लिहायचा, आणि मग 'आले हं' म्हणून टाकीशी जायचं आणि उत्तरही मीच लिहायचं. दिवसातून किती वेळा. आत्या म्हणाली, तुझं पोट बरं आहे ना? आणि तिचे प्रश्न नुसते कापडाचे नसायचे. आजोबा, गुडघे दुखतात का? दुखतात, मी लिहिलं, बसून बसून. आजोबा, घरी कोण कोण असतं? आता कोणीतरी असायला हवं, म्हणून मी एक सूनबाई लिहिली. सूनबाई चहा देते का? मी घाईत लिहून गेले, 'कधी देते, कधी विसरते.' तर आत्या इतकी तापली. मला म्हणाली, लिही, असल्या सुनेला जरा सरळ करायला हवं. मग मला त्या सूनबाईची दया यायला लागली, बिचारी नसताना शिव्या खातेय. मी तिला एका परीक्षेला बसवलं, म्हणजे तिला वेळ नाही असं दाखवता आलं. तुम्ही हे लक्षात ठेवा. आत्या विचारेल, सूनबाईंचा निकाल काय लागला. तुम्ही म्हणायचं, लागायचाय.

एकदा तर मी मेलेच होते. आत्या सांगत होती, 'आजोबा, गोल सांगाड्याला लेस लावताना जोड कुठे' — आणि ती मध्येच गिऱ्हाइकाकडे गेली. मला वाटलं प्रश्न पाठवून झाला. मी टाकीशी जाऊन उत्तर दिलं, 'जोड शिवणीवर घ्या, दिसत नाही.' खाली आले तर प्रश्न तसाच, अर्धा, न पाठवलेला. आणि आत्याच्या हातात फोन. तिने उत्तर वाचलं, प्रश्न वाचला, परत उत्तर वाचलं. मग म्हणाली, किती मनकवडा माणूस आहे गं. आणि मला खाऊ आणायला पिटाळलं. सुटले म्हटलं.

नाही, तिला काही कळलेलं नाही. कसं कळेल? माझ्यावर कोणाचा संशय येत नाही, मी तर बोलतच नाही. तशी ती बारकाईने बघते, नाही असं नाही. सुईआजोबांचा तो पहिला फोटो ती सारखी काढून बघते, बोटांनी मोठा करून. एकदा म्हणाली, पट्टी बघ कशी गुंडाळलीय, सगळे इकडून तिकडे गुंडाळतात, हे तिकडून इकडे. मला वाटलं चूक काढतेय. म्हटलं, जुनी पद्धत असेल. ती म्हणाली, असेल.

मग ते झालं — हे मी तुम्हाला सांगणार नव्हते, त्याचा चहाशी काही संबंध नाही. आहे थोडा. एके दिवशी आत्या म्हणाली, लिही. मी फोन घेतला. तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, 'आजोबा, घरात भाची आहे. हात चलाख, तोंड बंद. कात्री तिला जमत नाही आणि मला शिकवता येत नाही. काय करावं?' आणि मी ते लिहिलं, काका. स्वतःबद्दल, स्वतःच्या हाताने, काना-मात्रा न चुकवता. 'मला शिकवता येत नाही' म्हणाली ती. मी आत्तापर्यंत समजत होते की मला शिकता येत नाही. मी टाकीशी गेले, आणि सुईआजोबांनी लिहिलं, 'दोष तिचा नसेल. कात्रीचा असेल.' का लिहिलं कोण जाणे. चिडून लिहिलं. कात्रीचा कसला दोष, तीच कात्री आत्याच्या हातात पाण्यासारखी चालते. खाली आले तर आत्या फोन बाजूला ठेवून कात्रीकडे बघत बसलेली. तिने ती डाव्या हातात धरली, एक चिंधी घेतली आणि कापून बघितली. चावली. परत कापली. परत चावली. मला हसू आलं, म्हटलं, माझी नक्कल करतेय. ती काही हसली नाही.

आणि त्यानंतर तिने मला न सांगता, स्वतःच्या जाड बोटांनी, पहिल्यांदा स्वतः लिहिलं. मी वर होते, फोन वाजला, बघते तर 'मोठी कात्री'. 'आजोबा, मागच्या वेळी तुम्ही वीज गेल्याचं लिहिलंत तेव्हा आमच्याकडेही गेली होती. म्हणजे तुम्ही जवळच आहात. शनिवारी दुपारी दुकानात चहाला या. तुमच्यासाठी एक वस्तू घेतली आहे.' शुद्धलेखन काय विचारू नका. मी काय लिहिलं? मी लिहिलं, 'बघू.' मोठी माणसं बघू म्हणतात म्हणजे नाही म्हणतात ना? बाबा मला नेहमी असंच म्हणतात. तर तिने लिहिलं, 'ठरलं तर मग.'

म्हणून तुम्ही. मला दुसरा उपायच दिसत नाही. आजोबा आले नाहीत तर ती वाट बघत बसेल, आणि तसं तिला बसलेलं मला बघवणार नाही, मी एकदा बघितलंय. आणि खरं कळलं तर — ती रागावेल त्याचं काही नाही, ती रागावते तेव्हा खूप बोलते आणि मग विसरते. पण तिला वाटेल मी तिच्यावर हसत होते. सगळ्या गटासमोर तिने लिहिलंय की सुईआजोबा माझे गुरू. तिला वाटेल, टाकीशी बसून ही पोर खिदळत होती. मी नव्हते खिदळत. म्हणजे खिदळत होते, पण — सूनबाईच्या वेळी फक्त. मग ती फोन कपाटात टाकून देईल, परत सरळ कापायला लागेल, आणि गुणगुणणं जाईल. तुम्ही एकदा चहा पिऊन गेलात की मी आजोबांना लांब पाठवून देईन. मुलाची बदली करीन. मुलाची बदली झाली की म्हातारी माणसं जातातच.

अवघड काही नाही. तुम्ही सुई धरलीय का कधी? बटण? तेही नाही? असू दे. आत गेलात की कोणतीही एक शेड उचलायची आणि आधी उलटी करायची. आत बघायचं. हे विसरू नका, बाहेरून बघितलंत तर तिथेच पकडले जाल. बघायचं, आणि 'हं' म्हणायचं. चांगली वाटली तरी 'हं', वाईट वाटली तरी 'हं'. खुर्चीत बसताना गुडघ्याला हात लावायचा. निळ्या कापडाचा विषय निघाला तर म्हणायचं, मी सांगितलं होतं. बाकी मी बघून घेईन — नाही, मी नाही बघून घेणार, आत मला बोलता येत नाही. बाकी तुम्हीच बघा. तुम्ही मघापासून जसे गप्प बसलायत ना, तसेच बसा, अगदी सुईआजोबा वाटता.

आणि हो, ती वस्तू. ती टेबलावर ठेवलीय, गुलाबी कागदात बांधून. आत्या म्हणेल, उघडा, तर उघडायची आणि बेताचं आश्चर्य दाखवायचं. आत कात्री आहे. मी बघितली. आत्या आंघोळीला गेली होती तेव्हा कागद सोडवून बघितली आणि तसाच परत बांधला, घडीवर घडी. पण एक सांगून ठेवते, ती बिघडलेली आहे. पाती उलटी बसवलीयत, जे वर हवं ते खाली. आत्याला कोणीतरी गंडवलंय बिचारीला. तुम्ही बोलू नका काही. आणि लहान आहे. एवढ्या मोठ्या माणसासाठी एवढी लहान कात्री कोण घेतं? तुमचा अंगठा दाखवा बघू. बघा, नाहीच जाणार त्यातून. माझा बरोब्बर गेला. मी चालवूनही पाहिली, एका चिंधीवर, म्हटलं बिघडलीय तर किती बिघडलीय बघावं. आणि ती चालली, काका. सरळ गेली. कापड दुमडलं नाही की काही नाही, कड अशी निघाली की आत्याचीसुद्धा निघत नाही. उलटी असून चालली. उलटी असून माझ्या हातात —

थांबा हं.

ती बिघडलेली नाही, डावऱ्या माणसाची कात्री आहे ती. पण सुईआजोबा डावरे आहेत असं मी कुठे लिहिलंय? नाही लिहिलं. गुडघे लिहिले, सूनबाई लिहिली, वीज गेल्याचं लिहिलं. डावरं नाही लिहिलं कधी. पण ती पट्टी — तिकडून इकडे. आतली बाजू. ती बोटांनी मोठी करून करून बघत होती. आणि तो अर्धा प्रश्न. आणि 'तोंड बंद, हात चलाख', माझ्याकडे न बघता.

काका, तुमची नजर लांबची चांगली आहे का? मागच्या खोलीचं दार उघडं आहे, टेबलावर कप किती दिसतात? दोन. मला पण दोनच. एक तिचा. आणि दुसरा तो पिवळा, कान तुटलेला. पाहुण्याला कोणी तुटका कप देतं का? तो माझा आहे. तो दुसऱ्या कोणाला दिला तर मी जेवत नाही, हे घरात सगळ्यांना माहितीये.

ती दारात आली. बघू नका — बघा, आता काय बघायचं राहिलंय. पाहुणा यायचा असला की माणूस रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघतं ना? मान वळवून वळवून? ती वळवत नाहीये. ती सरळ इकडेच बघतेय. कमरेवर हात आहे, पण तो रागावलेला हात नाही, तो मला ओळखू येतो. मघापासून बघत असणार. तुमचा अंगठा मोजला तेव्हाही बघत असणार. आणि ती हसतेय का हो? तुम्हाला दिसतंय का? नाही, मला इथून नीट —

ऐकलंत काय म्हणाली? सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं. 'सुईआजोबा, चहा निवतोय.'

अहो नाही, काका, तुम्ही कशाला उठता, बसा. तुम्हाला नाही हाक मारली तिने.